आजोबांवर गेलेलं पिल्लू

घरात आपलं ऐकणारं कुणीतरी असावं, एवढ्याच माफक अपेक्षेनं मी कुत्रा आणायचं ठरवलं. (बायको ऐकत नाही असं नाही. ऐकते, आणि मग तिला हवं तेच करते.) अस्सल जातीचं, काळंभोर, ओंजळीत मावणारं पिल्लू मी घरी आणलं. त्याचा भाऊ शेजारच्या शिंप्यानं नेला. दोघं इतके सारखे, की अदलाबदल झाली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

शिंप्याचं पिल्लू काळंच राहिलं. आमचं मात्र बदलू लागलं. आधी डाव्या भुवईत पांढरे केस आले. मग भुवया झुपकेदार झाल्या, अंग राखाडी पडलं, ओठांवरून मिश्या उतरल्या. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर घरात दिवा नव्हता आणि सासऱ्यांच्या आरामखुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

सासरे वारल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसत नसे. अंधारातले दोन डोळे माझ्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले आणि सावकाश परत माझ्यावर आले. मग खाकरल्याचा आवाज आला. माझ्या हातातला डबा खाली पडला.

दिवा लावला. कुत्राच होता. पण त्यामुळे बरं वाटलं, असं मी म्हणणार नाही.

बायको त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आली ती पांढरीफटक.

"आजार काही नाही म्हणाले. म्हणाले, हा आजोबांवर गेलाय."

"कुणाच्या आजोबांवर?"

"आपल्या घरात आजोबा कोण होते? सगळी गल्ली आजोबा म्हणायची ते माझे बाबाच ना! आणि मी त्यांचा विषयसुद्धा काढला नव्हता हो!"

त्या दिवसापासून ती त्याला अहो-जाहो करू लागली. "अहो, जेवायला चला," अशी हाक आली की आम्ही दोघंही उठायचो. वाढलेलं असायचं एकाचंच. (माझं नव्हे.) मी खुर्चीजवळून गेलो की तो घशातल्या घशात गुरगुरायचा. सासरे "आलात?" म्हणायचे ना, अगदी त्याच पट्टीत. मला हसू येत नव्हतं. त्या माणसानं जावई म्हणून मला कधीच पसंत केलं नाही आणि ते तसंच राहून गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

शेवटी हिय्या करून मी खुर्चीसमोर उभा राहिलो. "बाबा, मी हेडक्लार्क झालो." खोलीत वारा नव्हता, तरी पडदा हलला. त्यानं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मान फिरवली.

मी तडक डॉक्टरांकडे. मागोमाग कुत्र्याला घेऊन बायको.

"अहो, आजोबा म्हणजे या कुत्र्याचे!" डॉक्टर हसून हसून लोळायचे बाकी होते. "याच्या आईचे वडील. माझ्याकडेच यायचे, असेच रुपेरी. या जातीत पिल्लं लहानपणी सारखी दिसतात, मोठी होताना रंग, मिश्या, अंगलट बदलते. एखादं काळं राहतं, एखादं आजोबांवर जातं. आणि मिशीचे केस घशात गेले की खाकरतं."

बायकोचे डोळे भरून आले. मला मात्र हायसं वाटलं. सासऱ्यांचा काही संबंधच नव्हता तर!

"म्हणजे डॉक्टर, माझ्यावर गुरगुरतो, तेही त्याच्या आजोबांचंच?"

"छे हो, आजोबा फार प्रेमळ होते," डॉक्टर म्हणाले. "ते याचं स्वतःचं मत आहे."