कुंभारीच्या माळावरील दहा फेऱ्यांची मोहीम

सिद्धरामेश्वराचे पायी मस्तक ठेवून, आणि खोटे लिहिणाराची बोटे झडोत ऐसी प्रार्थना करून, ही हकिकत लिहिली असे. शके अठराशे अठ्ठ्याण्णव, नलनाम संवत्सरी, सोलापूर मुक्कामी राजश्री चन्नप्पा बिराजदार, घाणेदार, तेलाचे व्यापारी, उमर बेचाळीस, यांनी वीस वर्षांमागे टाकिलेला शौक पुन्हा धरिला, आणि त्यापायी कोण संकटे गुजरली, कोणी कैसी मसलत दिली, आणि अखेर फत्ते कोणाचे हाते जाली, ते जैसे घडले तैसे.

शौक विमानाचा. बसावयाचे नव्हे; हातभर लांबीचे, हलक्या लाकडाचे, नाकाशी लिंबाएवढे इंजिन ऐसे. त्यास दोन बारीक पोलादी तारा, आणि तारांचे दुसरे टोकास मूठ. शौकिनाने मूठ धरून मैदानाचे मध्यभागी उभे राहावे, आणि विमानाने भोवती घिरट्या घालाव्या. मूठ वर कलविली की विमान वर, खाली कलविली की खाली, आणि इंधन सरेतो माणसानेही विमानासंगे जागीच गरगर फिरावे, त्यातून सुटका नाही. चन्नप्पांनी कॉलेजात असता हे केले होते. मग वडील वारले, घाणा गळ्यात आला, लग्न जाले, आणि इंजिन पत्र्याचे डब्यात गेले. चन्नप्पा सणासुदीस तो डबा उघडीत, इंजिन पुसून पुन्हा ठेवीत, आणि कोणास काही न बोलत.

त्या साली आणीबाणीपायी राज्यकारभारावर तोंड उघडण्यास मुलखात मनाई होती. तुरुंग भरले होते. सबब सात रस्त्यावरील हॉटेलात जे रिकामे मुत्सद्दी रोज जमत, त्यांस चघळावयास विषय उरला नव्हता. तेथे एके दिवशी चन्नप्पांनी डबा नेला, मग काय विचारता. मुत्सद्द्यांचे म्होरके रावजी, ज्यांनी उभ्या जन्मात पतंगही उडविला नव्हता, यांनी इंजिन तळहातावर तोलिले आणि चहा मागविला.

चन्नप्पा बोलिले, “वीस वर्सं झाली रावजी. हात बसंल का, सांगता येत न्हाय.”

“हात काय गहाण ठिवला होता व्हय? आन् करायचं तर लढाऊ करा. दुमजली पंखाचं. बिराजदारानं पोरासोरांचं खेळणं उडवावं का?”

सभेने माना डोलाविल्या, आणि ठराव जाला.

घरी चन्नप्पांचे कुटुंब महादेवीबाई, वैरागच्या माहेरवाशीण, यांनी भाकरी थापता थापता अर्ज गुजारिला की, आदी साधं करा की, एका फळीचं, मोडलं तर दुसरं करता येतंय. अर्ज फेटाळिला गेला. दरबाराचा निकाल जाला असता चुलीपुढची मसलत कोण ऐके?

मग मुंबईहून लाकडाचे पार्सल मागविले, आणि तीन महिने चन्नप्पा दुपारची झोप सोडून माळ्यावर बसले. चाळीसवर फासळ्या कातरिल्या, चार पंख जोडिले, त्यांवर पातळ कागद ताणून रोगण पाजिले, बोटे चिकटली, डोळे सुजले, आणि दुमजली लढाऊ उभे राहिले. देखणे होते, यात संशय नाही.

परंतु इंधनापाशी घाणेदारकी आडवी आली. इंधनास रॉकेल लागते, ईथर लागते, आणि एरंडेल लागते. चन्नप्पांनी फर्माविले की, ज्याच्या घरात शेंगतेलाचे पिंप भरलेले, त्याने दुसऱ्याच्या दुकानातून पावशेर एरंडेल आणणे ही बिराजदारांच्या घाण्याची बेअब्रू होय. सबब शेंगतेल घालावे. घाण्यावरील गडी धुळाप्पा, राहणार कुंभारी, भीड न ठेविता बोलिला, “मालक, शेंगतेल तापलं की चिकाट होतंय. घरातली कढई बगा की.” त्यास पेंड उचलावयास धाडण्यात आले.

मग रविवारी स्वारी कुंभारीच्या माळावर उतरली. संगे मुत्सद्दी, घरची मंडळी, आणि चन्नप्पांचे थोरले बंधू ईरप्पा. धुळाप्पाने विमान धरिले, चन्नप्पांनी नाकाचा पंखा बोटाने फिरवून तर्जनी रक्तबंबाळ केली, इंजिन खोकत सुरू जाले, विमान उचलिले, अर्धी फेरी गेली, आणि इंजिनात शेंगतेलाचा चिकटा होऊन पंखा जागीच थिजला. तारा ढिल्या पडिल्या. मग मूठ वर करा की खाली, विमानास कळेना. लढाऊ नाकावर आपटले आणि तीन महिन्यांच्या काड्या जाल्या.

रावजी बोलिले, “मी आदीच म्हणलो होतो, साधं करा.” ऐसी जीभ देवाने एकालाच द्यावी. मुत्सद्दी भजी खावयास परतले, आणि काड्या वेचावयास एकही वाकला नाही.

ईरप्पा मात्र उभे राहिले, आणि त्यांनी हुकूम सोडिला की, पुढला रविवार सोडून त्याच्या पुढल्या रविवारी दहा फेऱ्या व्हाव्या. न जाल्यास इंजिन भंगारवाल्यास जाईल आणि घरात विमान हा शब्द निघणार नाही. “मी मोजणार. नऊ झाल्या तर नऊ न्हाईत, शून्य.” थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर चन्नप्पा आजवर गेले नव्हते. त्या डब्यात त्यांचे घाणेदार होण्यापूर्वीचे तेवढेच आयुष्य शिल्लक होते, हे ते जाणत, आणि घरात दुसरे एकच माणूस जाणत होते.

चन्नप्पा चुलीपाशी येऊन बसले. “ते एका फळीचं म्हणत होतीस.”

“व्हय. तीन म्हैन्यांमागं.”

मग सरळ फळी करवतीने कापून धड केले, वर एक जाड पंख, मागे साधी शेपूट, आणि मोहिमेचा सरंजाम आठ दिवसांत सिद्ध जाला. इंजिन रॉकेलात बुडवून धुतिले. एरंडेल आणावयास चन्नप्पा तोंडास उपरणे गुंडाळून चार गल्ल्या पलीकडे गेले, दुकानदाराने ओळखून विचारिले, “पोट साफ होईना व्हय, मालक?” तेही सोशिले.

परंतु नवाच शत्रू घरातून निघाला. गच्चीवर मूठ धरून फिरण्याचा सराव करिता चौथ्या फेरीस देवळाचे शिखर आणि गिरणीची चिमणी एकमेकांत मिसळली, आणि चन्नप्पा टाकीस धरून बसले. बेचाळिशीचे डोके कॉलेजातले राहिले नव्हते. महादेवीबाईंनी मूठ घेतली, पदर खोचिला, आणि तीस फेऱ्या घेऊन जागीच ताठ उभ्या राहिल्या.

“नागपंचमीला वैरागात माज्यासंगं फुगडीला कोण टिकत नव्हतं. भोवतीचं बगायचं न्हाय, समोरच्या पोरीच्या कपाळावरचं कुकू बगायचं. तुमी विमानाचं नाक बगा.”

मग त्यांनी मनगट कैसे कलवावे हेही विचारिले, आणि चन्नप्पांनी शिकविले. रोज संध्याकाळी गच्चीवर दोघांचा सराव चालू राहिला. चन्नप्पा चारांवरून सहा फेऱ्यांवर आले. त्यापुढे जाईनात.

ठरल्या रविवारी मुत्सद्दी पुन्हा आले, की पराभव बघावयास त्यांस नेहमीच सवड. महादेवीबाई मैदानाचे मध्यभागी नवऱ्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. रावजी हसले, बाई हलल्या नाहीत. इंजिन पहिल्याच झटक्यास कडाडले. धुळाप्पाने विमान सोडिले, तारा ताणल्या, आणि ती फळी छातीएवढ्या उंचीवरून सरळ धावू लागली. ईरप्पा घरच्या कानडीत मोजू लागले. ओंदु. एरडु. मूरु. चन्नप्पांची नजर विमानाच्या नाकावर, तोंड वीस वर्षांमागचे. नाल्कु. ऐदु. आरु म्हणता माळ डोळ्यांपुढे गरगरून उभा राहिला, आणि त्यांनी मूठ मागे केली.

“धर.”

बाईंनी धरिली. विमान एकवार खाली झुकले, गवताचे शेंडे कापले, आणि वर आले. चन्नप्पा तारांखाली आडवे पडून आकाशात आपली फळी जाताना बघत राहिले. एळु. एंटु. ओंबत्तु. हत्तु.

दहा जाल्या तरी इंधन होते, सबब बाई फिरत राहिल्या, आणि ईरप्पाही मोजत राहिले. सतरावर इंजिन थांबले आणि विमान गवतावर घसरून उभे राहिले. बाईंनी घाम पुसून विचारिले, “भावजी, नऊ झाल्या का धा?”

“सतरा.” ईरप्पांनी उपरण्याने डोळे टिपिले, आणि धूळ लई हाय म्हणाले.

त्याच दुपारी हॉटेलात रावजींनी जाहीर केले की, चन्नप्पांनी आपल्या सल्ल्याने सतरा फेऱ्या मारिल्या. चन्नप्पांनी कपबशी खाली ठेविली आणि बोलिले, “रावजी, मी आडवा पडलो होतो.” आणि उठून घरी गेले. त्या हॉटेलात ते पुन्हा बसले नाहीत.

सबब नोंद येणेप्रमाणे. फेऱ्या सतरा, पैकी चन्नप्पांच्या सहा, महादेवीबाईंच्या अकरा, मुत्सद्द्यांची एकही नाही. विमान एका फळीचे, तेल एरंडाचे. पुढील रविवारी स्वारी पुन्हा माळाकडे निघाली, तेव्हा विमान चन्नप्पांचे काखेत होते, आणि मूठ बाईंचे पिशवीत.