तीन पायांचा मोर

घरात आणखी चार गालिचे होते, पण शुक्रवारी सकाळी सहलीला निघताना मोलूक खानमने नेमका तीन पायांच्या मोराचा गालिचा गुंडाळून गाडीत टाकला आणि तिचा नवरा, हेशमत गाडीच्या दाराशीच अडून उभा राहिला.

"हाच कशाला? तो निळा घे ना," तो म्हणाला.

"निळा धुवायला दिलाय."

"मग लाल घे."

"लाल पाहुण्यांसाठी. बद्रीजान काय पाहुणी आहे? घरचंच माणूस."

बद्री म्हणजे हेशमतची धाकटी बहीण. सहा वर्षांनी मशहदहून केरमानला माहेरपणाला आली होती. एकतीस वर्षांपूर्वी हा गालिचा तिने आणि नव्या नवरीने, म्हणजे मोलूकने, एकाच मागावर शेजारी शेजारी बसून विणला होता. सरूच्या झाडांची बाग आणि मधोमध निळा मोर. विणकाम खालून वर चढतं, त्यामुळे पाय आधी होतात आणि मोर मागाहून येतो. मोर पुरा होईपर्यंत पाय खालच्या दांड्याला गुंडाळले गेले होते. गालिचा मागावरून उतरवून अंगणात पसरला, तेव्हा सासूबाईंनी पाय मोजले. ते तीन भरले.

"दोघींचे मिळून चार डोळे," सासूबाई म्हणाल्या होत्या, "आणि मोराला पाय तीन."

मोलूकने बद्रीकडे बोट दाखवलं, बद्रीने मोलूककडे. ती बोटं आजवर खाली आली नव्हती. बद्री लग्न होऊन मशहदला गेली तरी दर नवरोजला फोनवर मोर निघायचाच. या खेपेला तरी दोघींचं जुळावं म्हणून हेशमतने शहराबाहेरच्या खानबाबाच्या बागेत सहलीचा बेत काढला होता. वाहत्या पाण्याकाठी माणसं भांडत नाहीत, असं त्याला कुठूनसं वाटत होतं.

गाडी शहराबाहेर पडून वाळवंटाला लागली तेव्हा बद्रीने गालिच्याची घडी उलगडून पाहिली.

"वहिनी, काय जपलाय हो गालिचा. चूकसुद्धा जशीच्या तशी."

"तुमच्या हातचं काम, बद्रीजान. ते का असं जाणार आहे?"

हेशमतने काच खाली केली आणि उगाचच वाऱ्याचं कौतुक केलं.

बागेत त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीबाहेर मैलोगणती वाळू, आणि आत डोंगरातलं पाणी पायऱ्या पायऱ्यांनी खळाळत उतरत होतं. त्याच्या दोन्ही काठांवर अख्खं केरमान डबे उघडून बसलेलं. चहावाल्याकडचे बसायचे सगळे लाकडी तक्तपोस भरलेले. शेवटी दोघी पार वरच्या कोठीपर्यंत चढल्या. तिथली दगडी ओसरी झाडून लख्ख केलेली होती आणि आश्चर्य म्हणजे रिकामी होती. त्यांनी गालिचा पसरला, सुरकुत्या हाताने साफ केल्या आणि जेवणाचं पातेलं आणायला हेशमतला गाडीकडे पिटाळलं.

वीस मिनिटं झाली तरी हेशमतचा पत्ता नाही.

"झोपला असेल," मोलूक म्हणाली. "तो उभ्याउभ्यासुद्धा झोपतो. मी बघून येते. तुम्ही आहात ना इथे?"

बद्री नुसतं "हं" म्हणाली. पण वहिनी पाठमोरी झाल्यावर तिच्या मनात आलं, मी काय हिच्या गालिच्याची राखणदार आहे? ती उठली आणि पाण्यात पाय सोडायला खाली गेली.

मोलूकचा अंदाज खरा निघाला. हेशमत गाडीत, काचा जेमतेम बोटभर उघड्या, दारं आतून बंद, पातेलं मांडीवर, आणि घोरणं ऐटीत चाललेलं. तिने काच वाजवली, टप वाजवला, शेवटी चाकाला लाथ मारली. तो फक्त कूस बदलून पातेल्याला बिलगला. बद्रीचा आवाज जास्त मोठा, तिला आणावं, असं ठरवून मोलूक परत चढण चढली.

वर ओसरीवर पन्नासेक माणसं उभी होती. तिच्या गालिच्याच्या चारी कोपऱ्यांना पितळी खांब उभे राहिले होते, खांबांना लाल दोरी होती, आणि दोरीपलीकडे तुबा नावाची एक चुणचुणीत गाइड बाई इस्फहानहून आलेल्या मंडळींना सांगत होती:

"मोराचे पाय मोजा. दोन पाय या जगातले. तिसरा त्या जगातला. विणणारीला जे तोंडाने बोलता येत नव्हतं, ते ती एका पायात बोलून गेली."

"दीडशे वर्षं तरी जुना," हॅट घातलेले एक गृहस्थ चष्मा सरसावत म्हणाले. "हल्ली असे हात राहिले नाहीत."

मोलूकने नकळत आपल्या हातांकडे पाहिलं. मग दोरी वर करून ती आत शिरली आणि गालिच्याचं टोक तिने धरलं. ताबडतोब शिट्टी वाजली.

पहारेकरी नखई धावत आला. दुपारी ओसरीवर हस्तकलेचं प्रदर्शन मांडायचं होतं. ओसरीवर जे काही आलंय ते यादीत लिही आणि दोरी बांध, असा त्याला हुकूम होता. त्याने यादीतल्या सोळा नावांखाली सतरावं लिहिलं होतं आणि दोरीही बांधली होती.

"खानम, मागे व्हा. ऐतिहासिक वस्तू आहे."

"कसली ऐतिहासिक? परवा मी यावर बसून मेथी निवडलीय."

इस्फहानची मंडळी हसली. तुबाचा चेहरा पडला. "तुमचा आहे म्हणता," ती म्हणाली, "तर मग सांगा, मोराला तिसरा पाय का?"

"कारण माझ्या नणंदेला दोनपर्यंत मोजता येत नाही."

"छान येतं," गर्दीच्या मागून ओल्या पायांनी पुढे येत बद्री म्हणाली. "म्हणूनच तो माझा नाही, हे मला ठाऊक आहे."

"मग काय मोराला आपोआप फुटला?"

"तुमच्या बाजूला फुटला, वहिनी."

"गालिच्याच्या मधोमध आहे तो."

नखईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "पाय कोणाचा हे तुमचं तुम्हालाच माहीत नाही, तर गालिचा तुमचा कसा मानू? आज शुक्रवारची सुट्टी. साहेब उद्या येतील. तोवर सतरा नंबरची वस्तू कोठारात." आणि तो खाली वाकून गालिचा गुंडाळायला लागला. गुंडाळताना त्याचा धुळकट बूट सरूच्या झाडांवर पडला.

मोलूकने तो बूट पाहिला. त्या झाडांपायी तिची बोटं सोलवटली होती. तिची पोरं त्या झाडांखाली रांगली होती. एकदा कोठारात गेलेली वस्तू कोण परत देतं? तिने डोक्यावरून घेतलेल्या चादरीची कड पदरासारखी मुठीत धरली आणि एकतीस वर्षांत जे कधी बोलली नव्हती ते बोलली.

"थांबा. पाय माझा आहे. चूक माझी. हिचा काही दोष नाही."

ते साफ खोटं होतं, आणि बोलायला भलतंच जड गेलं. पण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत बद्री पुढे सरसावली.

"वहिनींचं ऐकू नका. मला सांभाळून घेतायत त्या. पाय मी विणला."

हा 'त्या जगातल्या' पायाचा मोह होता की वहिनीला वाचवायची धडपड होती, ते मोलूकला कळेना. बहुधा बद्रीलाही कळलं नसावं.

"मघाशी दोघींचा नव्हता," नखई म्हणाला. "आता दोघींचा झाला. मला वाटतं हे कोठारात ठेवणंच बरं."

"ठेवू नका," मागून आवाज आला. "पाय माझा आहे."

पातेलं पोटाशी धरून हेशमत उभा होता. गालावर झाकणाच्या कडेचा वळ होता.

सगळी माणसं त्याच्याकडे वळली. त्याने आधी पातेलं खाली ठेवलं, मग खालीच पाहून बोलायला लागला. "ही लग्न होऊन आली त्याला चार महिने झाले होते. हिची बोटं दोऱ्याने कापली होती, चिंध्या बांधून विणायची. दुपारी तुम्ही दोघी झोपलात. म्हटलं चार ओळी आपण विणून टाकू, म्हणजे आई हिला बोलणार नाही. मोराचा नक्शा समोरच टांगलेला होता. मला वाटलं, पाय राहिलाय."

"पुरावा?" नखईने विचारलं.

"मी डावखुरा आहे."

हॅटवाले गृहस्थ चटकन गुडघ्यांवर बसले. त्यांनी गालिचा उलटवला आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. साऱ्या गाठी एका अंगाला कललेल्या होत्या. फक्त तिसऱ्या पायाच्या तेवढ्या दुसऱ्या अंगाला.

"दीडशे वर्षं म्हणालात ना तुम्ही?" तुबाने विचारलं.

"एकतीस," ते भिंग पुसत म्हणाले. "मला सुरुवातीपासून थोडी शंका होतीच."

तुबा मात्र सहजी हार मानणारी नव्हती. "पण आगा, काहीतरी अर्थ असेलच ना त्या पायाला?"

हेशमत कानापर्यंत लाल झाला. "हिची बोटं दुखत होती," तो म्हणाला. "एवढाच."

इस्फहानच्या दोन बायकांनी रुमाल काढले. मोलूकचेही डोळे भरून आले. ते तिने चादरीच्या टोकाने नीट पुसले, आणि पुसून झाल्यावर विचारलं, "आणि एकतीस वर्षं तोंडाला काय झालं होतं?"

"आई चिडली होती. म्हटलं, जरा शांत झालं की सांगू."

"मग?"

"अजून शांत झालं नव्हतं."

हसण्याच्या लाटेत नखईने स्वतःच दोरी सोडली. यादीतल्या सतरा नंबरवर त्याने रेघ मारली. शेजारी कारण लिहावं लागतं, म्हणून "जेवण" असं लिहिलं. मग मोलूकला पातेलं उघडावंच लागलं. वालाचे दाणे आणि शेपू घातलेला पुलाव तिघांपुरता होता, पण समोर पन्नास माणसं असताना "या, बसा, तुमचंच आहे" म्हटल्यावाचून गत्यंतर नव्हतं. "नको नको, तुमचे हात न दुखोत," असं तीन वेळा म्हणून झाल्यावर सगळे बसले. इस्फहानकरांनी आपले डबे उघडले, नखईने आपली भाकरी आणि चीज आणलं. हॅटवाल्या गृहस्थांनी मोराच्या डोक्यावर चहा सांडला, पण तो डाग सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे असं तुबाने जाहीर केल्यामुळे कोणीच मनावर घेतलं नाही. बद्रीने स्वतःच्या ताटातली पुलावाच्या तळाची कुरकुरीत खरपुडी वहिनीच्या ताटात वाढली. केरमानमध्ये यापेक्षा मोठी माफी मागता येत नाही.

उन्हं कलल्यावर तिघं परत निघाली. सकाळी पुढे बसलेली मोलूक आता मागे बद्रीजवळ बसली होती. दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली, कुजबुज आणि मधूनच खिदळणं. वाळूवर गुलाबी उजेड पडला होता. हेशमतला वाटलं, काय छान दिवस गेला. आपण हे तीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

"वहिनी," मागून बद्री म्हणाली, "आईचा तो चहाचा पितळी समोवर आठवतो? नळ तुटलेला?"

"तुम्ही तोडलात तो?"

"मी? मला तर इतकी वर्षं वाटायचं तुम्हीच."

"छे. मी हातसुद्धा लावला नव्हता."

कुजबुज थांबली.

"आणि माझ्या लग्नातली ती काचेची सुरई?"

"तीही मी नाही, बद्रीजान."

"अब्बांच्या रेडिओचं बटण?"

मग दोघींनी एकदमच मान वर करून पुढच्या आरशात पाहिलं. हेशमतने रस्त्यावरची नजर जराही हलवली नाही. केरमान अजून पस्तीस किलोमीटर होतं.