प्रकरण नऊ अंगठ्यांचं

"या दोन डोळ्यांतून सुटलेली गोष्ट जगात नसतेच," असं भिंगराव नेहमी सांगत, आणि सांगता सांगता कोपराने समोरची कपबशी पाडत. तीस वर्षं विजेचे मीटर वाचून ते निवृत्त झाले होते. नुसत्या आकड्यावरून घरात माणसं किती आणि त्यातली अबोला धरलेली किती, हे आपण ओळखत होतो असा त्यांचा दावा होता. निवृत्त होताच त्यांनी दाराला 'खाजगी गुप्तहेर' अशी पाटी लावली. गुप्तता राहावी म्हणून आतल्या बाजूने.

मेव्हणा त्यांचा सहायक. हे पद बिचाऱ्याने मागितलं नव्हतं. बहीण म्हणाली होती, "जात जा रे ह्यांच्याबरोबर. मार पडला तर निदान वाटून तरी पडेल."

शुक्रवारी शिलाई मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री आले. चेहरा पार उतरलेला.

"एकतीस वर्षं एका कोपऱ्यावर दुकान आहे माझं. पुढच्या शनिवारी इमारत पाडतायत. मी पोस्टामागच्या तळघरात चाललोय. पण माझी गिऱ्हाइकं लांबून येतात हो, मशीन खांद्यावर घेऊन! येऊन बघतील तर विटांचा ढीग. म्हणून चार महिन्यांपूर्वी एका बाईंना वेबसाइट करायला सांगितली. अजून पत्ता नाही. कोणीतरी मुद्दाम अडवतंय."

"कोणीतरी नाही," भिंगराव डोळे बारीक करून म्हणाले. "टोळी."

तिघं दुकानात गेले. मिस्त्रींनी फोनवर अर्धवट वेबसाइट उघडून दिली आणि भिंगरावांनी त्यावर भिंग धरलं. पहिल्याच पानावर कोट घातलेला एक अनोळखी तरुण बत्तिशी दाखवत उभा होता.

"हा कोण?"

"मी नाही," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे तोतया! तुमच्या नावावर धंदा बळकावणार. लिही."

मेव्हण्याने वहीत लिहिलं : तोतया, दात उत्तम.

फोटोखाली दिलेला नंबर होता एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ शून्य. भिंगरावांनी तो मन लावून फिरवला. लागला नाही. "सावध झाला बेटा," ते म्हणाले.

मग त्यांना ते वाक्य दिसलं. प्रत्येक पानावर एकच वाक्य, एकंदर सतरा वेळा : 'इथे मजकूर येईल.'

भिंगराव हळूच मागे सरकले. "धमकी आहे ही. सतरा वेळा बजावलंय. हा मजकूर नावाचा गुंड इथे येणार."

"भावोजी, मजकूर म्हणजे लिहायचं ते..." मेव्हणा म्हणाला.

"टोपणनाव रे! खरं नाव कोण देतं?"

झालं! दोघं दुपारभर कापडाच्या गठ्ठ्यामागे दबा धरून बसले. चारच्या सुमाराला एक बाई सुया घ्यायला आली. भिंगराव उडी मारून समोर आले आणि कडक आवाजात म्हणाले, "मजकूर तुम्हीच का?" बाई सुया न घेताच गेली. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला.

एवढ्यात मिस्त्रींची बायको डबा घेऊन आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या वेबसाइटवाल्या बाईंचं म्हणणं काय?"

"गुन्हेगाराला आधी विचारायचं नसतं, वहिनी," भिंगराव म्हणाले.

वहिनींनी फोन घेतला आणि त्या बाईंचे निरोप वाचायला लागल्या. "'दुकानाचा फोटो, नवीन पत्ता आणि तुमच्याबद्दल चार ओळी पाठवा, म्हणजे काम पुढे जाईल.' हे आलंय नऊ वेळा. आणि अहो, तुम्ही नऊ वेळा नुसता अंगठा पाठवलाय!"

मिस्त्री खाली बघायला लागले. वहिनींनी तिथल्या तिथे बाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकरवर ठेवला.

"मला वाटलं, अंगठा म्हणजे पाठवतोच आहे," पलीकडून बाई म्हणाल्या. "मी रोज वाट बघतेय. पानं बांधून तयार आहेत. तो कोटवाला जागा भरायला टाकलाय. पण तुम्ही कोण, ते मी कुठून आणू, काका? ते तुम्हीच सांगायला हवं."

"सूत्रधार सापडला!" भिंगराव गरजले. "अशील स्वतः!"

त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"तीनदा बसलो होतो लिहायला," मिस्त्री पुटपुटले. "स्वतःबद्दल चार ओळी! काय लिहू? मशीन उघडतो, बघतो, बंद करतो. लाज वाटली गं. म्हटलं, एवढाच का मी?"

वहिनींचे डोळे भरून आले. राग आला तो वेगळाच. "एवढाच म्हणे! इतर दुकानांनी भंगारात टाका म्हणून सांगितलेल्या किती मशीन चालू केल्यात? किती जणींची घरं चाललीत त्यावर? बोला तुम्ही. भाऊ, लिहा."

मेव्हण्याने तोतयाचं पान फाडलं आणि कोरं पान काढलं. भिंगरावांनी सुरुवात सुचवली, "शिलाईविश्वातला धगधगता सूर्य..." वहिनींनी त्यांच्या हातात डब्यातली पोळी दिली, तेव्हा ते खायला लागले.

मिस्त्री अडखळत बोलत गेले. "मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. एकतीस वर्षं झाली. मशीन जुनी आहे म्हणून कोणाला परत पाठवलेलं नाही. दुकान आता पोस्टामागे, तळघरात. सात पायऱ्या आहेत." ते थांबले. "मशीन जड असेल तर उतरू नका. वरूनच हाक मारा, मी येतो."

"अक्षरही बदलत नाही मी," फोनवर बाई म्हणाल्या.

शनिवारी इमारत पडली. सोमवारी मिस्त्री तळघरात जीव मुठीत धरून बसले होते. नऊ वाजले, दहा वाजले. अकराला वरून एका बाईचा दमलेला आवाज आला, "अहो मिस्त्री, आहात का? जड आहे हो!"

मिस्त्री चप्पल न घालताच धावत वर गेले.