एक्केचाळीस मतदार

रविवारची प्रार्थना आटोपून गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमलं, तेव्हा ओटिलिया फुररचा अंदाज पक्का झाला होता. दुपारी दोनची बस चालू ठेवावी म्हणणारे वीस, बंद करावी म्हणणारे एकवीस. बस बंद झाली, तर दर बुधवारी खाली दरीत बहिणीकडे जाणं संपलं. एक तरी माणूस फुटावा म्हणून तिने आकड्यांनी भरलेलं चार मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं.

अध्यक्ष माइनराड यांनी नेहमीप्रमाणे नियम वाचला. "मतदार म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झालेला, देशाचा नागरिक आणि या गावचा रहिवासी." चौथी अट ते वाचत नसत, ती सगळ्यांना ठाऊक होती: भिंतीलगतच्या पाच खुर्च्या पाहुण्यांच्या, तिथले हात मोजायचे नाहीत. हात मोजायचं काम ओटिलियाकडे आलं. तिची मोजणी कधी चुकत नसे.

तिने भाषण केलं. कुणी जांभई दिली, कुणी चष्मा पुसला. ती वळली आणि बघते तर तिचा नवरा बाल्ट्स पाहुण्यांच्या खुर्चीत पाय पसरून बसलेला.

"ऊठ तिथून!" ती कुजबुजली.

"इथे गुडघा सरळ करता येतो गं."

"तिथे बसलास तर तू मतदार नाहीस!"

"चाळीस वर्षं आहे की. घटकाभर नसलो तर काय बिघडतं?"

एकोणीस विरुद्ध एकवीस, हे बिघडत होतं. ती त्याचा दंड धरणार, तोच कास्पार आणि त्याचे दोन भाऊ गप्पा मारायला बाल्ट्सशेजारी येऊन टेकले. तिघेही बसचे कट्टर विरोधक. ओटिलियाचा हात हवेतच थांबला. एकोणीस विरुद्ध अठरा!

"बरं बाई, उठतो," बाल्ट्स म्हणाला.

"नको, नको. गुडघ्याला आराम दे."

थोड्या वेळाने अध्यक्षांनी पुकारलं, "बस चालू ठेवावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा!"

ओटिलियाने मोजले. एकोणीस. पेन्सिल कागदाला टेकली, पण आकडा काही उमटेना. सभेला मतदार एक्केचाळीस आले होते आणि तिच्या मोजणीत सदतीसच बसत होते.

"अध्यक्षमहाराज," ती शेवटी म्हणाली, "पाहुण्यांत चार मतदार बसलेत."

"वेड लागलंय का तुला?" पुढच्या रांगेतली फ्रीडा पुटपुटली. "जिंकत होतो ना आपण!"

चौघं कुरकुरत मतदारांच्या खुर्च्यांवर आले. अध्यक्षांनी पुन्हा पुकारलं. ओटिलिया जड मनाने मोजू लागली. अठरा, एकोणीस, बाल्ट्स धरून वीस. मग कास्पारचा हात वर गेला. पाठोपाठ दोन्ही भावांचे. तिने परत मोजलं. तेवीस.

"बस चालू!" अध्यक्ष म्हणाले.

"बघ, तुझ्या भाषणाने पाझर फुटला त्यांना," फ्रीडाने तिला मिठी मारली.

"छान बोललात हं," कास्पारही गंभीरपणे म्हणून गेला. ओटिलिया घरी जाताना वाटभर हसत होती. आकडे बोलले की माणसं ऐकतात, असं तिने बाल्ट्सला दोनदा सांगितलं. त्याने दोन्हीदा मान डोलावली.

भिंतीलगत बसल्या बसल्या तो त्या तिघांना एवढंच म्हणाला होता, "बस गेली, की बुधवारी दुपारी ती घरीच." दर बुधवारी ती दरीत गेली, की तिच्याच स्वयंपाकघरात चौघांचा पत्त्यांचा डाव रंगतो, हे साऱ्या गावात फक्त ओटिलियाला ठाऊक नव्हतं.