पूजेनंतरचा कॉम्प्युटर

दसऱ्याच्या सकाळी पूजा आटोपली आणि कॉम्प्युटर काही सुरू होईना. तेव्हा मेकॅनिकला न बोलावण्याचा निर्णय मी घेतला. (घरात माझ्या वाट्याला निर्णय फारसे येत नाहीत, म्हणून आलेला सोडवत नाही.)

खरं म्हणजे कॉम्प्युटर नीलाचा, माझ्या बायकोचा. ती घरून बोर्ड, बॅनर, पत्रिका डिझाइन करते. आमच्या नाहूरमध्येच चंपाताई त्या संध्याकाळी पोळीभाजी केंद्र उघडणार होत्या. त्यांच्या बोर्डाचं डिझाइन तयार होतं, फक्त प्रिंटरला पाठवायचं राहिलं होतं, आणि तो सणाचा दुपारीच शटर ओढणार होता. डिझाइन गेलं नाही तर चंपाताईंचं दुकान बिनबोर्डाचं उघडणार आणि नीलाची पहिली मोठी ऑर्डर बोंबलणार.

"सुबोध, मेकॅनिकला फोन कर ना," नीला म्हणाली.

"सणाचं कोण येतंय? आमच्या ऑफिसात असले प्रॉब्लेम रोज येतात."

(येतात. तेव्हा मी आयटीवाल्यांना फोन करतो आणि चहाला जातो.)

भिंतीवरचं बटण पाहिलं, चालू होतं. केबल काढून पुन्हा खोचली. पुढचं बटण निरनिराळ्या बोटांनी दाबून झालं. मॉनिटरला एक चापटही दिली. त्या बिचाऱ्याचा या प्रकरणात काही हात नव्हता.

"हळदकुंकू आत गेलंय," मी निदान केलं आणि कॉम्प्युटरचा डबा उघडायला घेतला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली. "अरे, माका काय म्हणूचा हा..."

"आई, यातलं तुला कळणार नाही. तू पुऱ्या बघ."

आई पुऱ्या बघायला गेली.

मोबाइलवरच्या व्हिडिओत एक माणूस रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासायला सांगत होता. घासली. पंखा पुसायला सांगितला, पुसला. त्याने न सांगितलेल्या बऱ्याच गोष्टीही मी काढून ठेवल्या. नीला प्रत्येक वस्तूचा फोटो काढत होती. मला वाटलं, कौतुकाने काढतेय.

आई पुन्हा आली. "झाला तुझा? आता सांगू? मागचो बारको काळो स्विच मीच बंद केलंय. त्या मेकॅनिकानच दाखवल्यान होतो. पूजेच्या दिवशी हत्यारांक विसावो नको?"

मी तो स्विच चालू केला. काहीच झालं नाही, कारण कॉम्प्युटर आता हॉलभर पसरला होता. मला मनापासून लाज वाटली.

नीलाने मला पलंगावर बसवलं आणि कशालाही हात लावू नकोस असं बजावलं. मग फोटो बघत बघत तिने सगळं जोडलं, आईची परवानगी काढली आणि पुढचं बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. प्रिंटरने शटर अर्धं ओढलं होतं, तेव्हा डिझाइन पोचलं.

जेवताना नीला म्हणाली, "आई, पुढच्या दसऱ्याला सुबोधचीच पूजा करूया. म्हणजे दिवसभर एका जागी गप्प बसेल."

आईने माझ्या पानात पुरी वाढली आणि जरा विचार केला.

"नको गो," ती म्हणाली. "पूजा कामाच्या वस्तूंची करतत."