विलायतेचा स्वेटर

शनिवारी सकाळी गावेरा सिसिया पत्र्याच्या पेटीत कमरेपर्यंत शिरला होता. जुन्या चटया, फाटकं जाळं, कुणाच्या तरी बारशाची चादर असं सगळं एकेक करून बाहेर पडत होतं. घराच्या फळ्यांखाली भरतीचं पाणी खांबांवर चापट्या मारत होतं.

"गेउआ, स्वेटर कुठे आहे?" पेटीतून आवाज आला.

"घामाने जीव चाललाय आणि याला स्वेटर हवाय," गेउआ केळी सोलता सोलता म्हणाली. "कसला स्वेटर?"

"विलायतेचा! पांढरा. गळ्याला लाल, काळी, पिवळी पट्टी."

केळी सोलण्याचा आवाज थांबला. जन्मभर संसार केलेल्या माणसाला बायकोच्या बोलण्यापेक्षा तिच्या थांबण्याची जास्त भीती वाटते. गावेरा पेटीतून बाहेर आला.

"तो होय!" गेउआ म्हणाली. "तो मी उसवला."

स्वेटरची आठवण निघण्याचं कारण आदल्या संध्याकाळी घडलं होतं. क्रिकेट मंडळाच्या कचेरीतली हेबोउ नावाची चुणचुणीत मुलगी समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या हनुआबाडा गावात आली होती. राष्ट्रीय संघाच्या इतिहासाचं दालन मैदानाशेजारी उघडणार होतं आणि पुढच्या शनिवारी त्याचं उद्घाटन होतं. विलायतेच्या पहिल्या दौऱ्यातली एखादी वस्तू तिला हवी होती. ती मागायला हनुआबाडाखेरीज दुसरीकडे कुठे जाणार? या गावात पोर चालायच्या आधी बॅट धरतं असं म्हणतात. म्हणणारे सगळे हनुआबाडाचेच असतात, ही गोष्ट वेगळी.

चर्चच्या ओट्यावर जुने खेळाडू जमले. पण घोडं वस्तूपाशी येऊन अडलं. वागीची टोपी होडीतून येताना वाऱ्याने समुद्रात नेली होती. मोरेआच्या स्वेटरवर कुत्री व्याली होती, आणि कुत्रीला उठवायला कुणाची छाती झाली नव्हती. हे ऐकून गावेराला राहवलं नाही. तो उभा राहिला.

"लाज वाटायला हवी!" तो म्हणाला. "देशाने दिलेली वस्तू सांभाळता येत नाही तुम्हाला? माझा स्वेटर पेटीत आहे. त्याची घडीसुद्धा मोडलेली नाही!"

टाळ्या पडल्या. "बुबू, मग तुमचा स्वेटर मधोमध, काचेच्या कपाटात," हेबोउने जाहीर केलं. इथे आजोबांना बुबू म्हणतात. गावेरा त्या रात्री सुखाने झोपला.

आणि आता गेउआ म्हणत होती, उसवला.

"मला न विचारता?"

"विचारलं होतं. तू रेडिओवर मॅच ऐकत होतास. मी म्हटलं, हा उसवू का? तू म्हणालास, जाऊ दे त्याला, पुढचा बघ. मला वाटलं मला म्हणतोयस."

"मी बाद झालेल्या खेळाडूला म्हणत होतो!"

"मग नीट नाव घेऊन म्हणायचं."

गेउआने त्या लोकरीची बिलुम पिशवी विणली होती. बाजारात बसणाऱ्या डोंगराकडच्या बायकांकडून ती ही पिशव्यांची विद्या शिकली होती आणि आता त्याच बायका तिच्याकडे नमुने बघायला यायच्या. ती बिलुम तिने लेकीला, कोनिओला, लग्नात दिली. कोनिओ नांदत होती पोरेबाडाला.

"ठीक आहे," गावेरा म्हणाला. "पिशवी आणतो, उसवतो, परत स्वेटर विण."

"बिलुम म्हणजे काय स्वेटर आहे, टोक ओढलं की सुटायला? टाक्यागणिक फास असतो तिच्यात."

"ते मी बघतो," असं म्हणत गावेरा बस पकडायला निघालासुद्धा.

बापाला अवचित दारात बघून कोनिओचा चेहरा उतरला. "बाबा, आई बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. ती तुझी लग्नातली पिशवी जरा बघायची होती."

"ती सासूबाईंकडे असते. फक्त रविवारी चर्चला नेतात. मला हातसुद्धा लावू देत नाहीत."

सासूबाई काइआ जिन्याच्या तोंडाशी सुपारी चघळत बसल्या होत्या. आडव्या अंगाची, उभ्या आवाजाची बाई. "या व्याही," त्या म्हणाल्या, "वाट चुकलात?"

गावेराने आधी हवेची चौकशी केली, मग माशांची, मग काइआच्या गुडघ्याची. शेवटी म्हणाला, "विहीणबाई, ती पिशवी, म्हणजे कोनिओबरोबर आलेली..."

"तिचं काय?"

"ती जरा परत हवी होती."

काइआचं चघळणं थांबलं. आजूबाजूच्या घरांमधली बोलणीही थांबली.

"मुलीबरोबर दिलेली वस्तू माणसं परत कधी मागतात, हे मला कळतं, व्याही."

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण देशाचा स्वेटर बायकोने उसवला आणि मला इतक्या वर्षांत पत्ताही नाही, हे विहिणीसमोर कुठल्या तोंडाने सांगायचं? गावेरा म्हणाला, "तसं काही नाही हो." जेव्हा तसंच काहीतरी असतं, तेव्हा माणसं नेमकं हेच वाक्य म्हणतात. तो रिकाम्या हाताने परत फिरला.

बस खड्ड्यांतून येते, बातमी फोनवरून. गावेरा घरी पोचला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत निम्मं गोत बसलं होतं.

"गावेरा, आधीच सांगून ठेवतो," चुलतभाऊ राहो उठून म्हणाला. "डुक्कर आम्ही खाल्लं."

"कुठलं डुक्कर?"

"कोनिओच्या देजातलं, तिच्या सासरकडून आलेलं. तू मुलगी परत आणणार, म्हणजे ते देज परत मागणार. आता ते डुक्कर मी आणू कुठून?"

"माझ्या वाट्याची शंखाची कडी मी सुनेला दिली," म्हातारी आत्या रडवेली झाली होती, "आणि सून गेली ब्रिस्बेनला!"

"कोण मुलगी परत आणतंय?" गावेरा ओरडला.

"लग्नाच्या गाठी देव बांधतो, गावेरा," कोपऱ्यातून चर्चचे डीकन शांतपणे म्हणाले. "माणसाने सोडू नयेत."

"अहो, मी फक्त पिशवी मागायला गेलो होतो!"

"सुरुवात पिशवीपासूनच होते," डीकन म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. गेउआ नवऱ्याकडे असं बघत होती, की कुत्रीने व्यायला त्याचाही स्वेटर निवडला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

रविवारी प्रार्थना आटोपते न आटोपते तोच पोरेबाडाचा ट्रक गावाच्या तोंडाशी थांबला. रस्त्यावर रंगलेली मॅच बंद पाडावी लागली. हनुआबाडात एवढं अंत्ययात्रेसाठीसुद्धा होत नाही. ट्रकमधून कोनिओ उतरली, तिचा नवरा उतरला, दहा-बारा नातेवाईक उतरले, पाय बांधलेलं एक डुक्कर उतरलं आणि सर्वांत शेवटी काइआ उतरल्या. कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर सोडलेली पांढरी बिलुम, आणि तिच्या पोटावरून गोल फिरलेले लाल, काळे, पिवळे पट्टे. गावेराने ते पट्टे लांबूनच ओळखले.

"ऐका सगळे," काइआंनी आवाज लावला. "ही पिशवी. हवी तर घ्या. हे डुक्कर. आमचं काही चुकलं असेल तर त्याबद्दल. पण सून मी देणार नाही! माझ्या गुडघ्याला रोज तेल कोण लावतं? पोटच्या पोरी शहरात बसल्यात, ही लावते. ही माझी आहे."

कोनिओ मुसमुसायला लागली. सासूच्या तोंडून असं काही ती पहिल्यांदाच ऐकत होती. काइआही बहुधा पहिल्यांदाच बोलत होत्या, कारण बोलून झाल्यावर त्यांनी घाईने सुपारी तोंडात टाकली.

गावेराला भरून आलं. भरून आलं की त्याची जीभ अडखळायची.

"मला मुलगी नकोच आहे!" तो ओरडला.

जमावातून "आँ?" असा आवाज उठला.

"म्हणजे, ती तुमचीच! मला माझा स्वेटर हवाय. त्या पिशवीत माझा स्वेटर आहे!"

काइआंनी बिलुम खाली घेतली आणि आत डोकावून बघितलं. भजनांचं पुस्तक बाहेर काढलं, सुपाऱ्या काढल्या, चुन्याचा भोपळा काढला, पिशवी उलटी करून झटकली. "नाही बाई यात," त्या म्हणाल्या. "बघा तुम्हीच."

"आत नाही हो! ती पिशवीच स्वेटर आहे!"

उन्हामुळे व्याह्यांना काही झालं की काय, असं वाटून पोरेबाडाची माणसं मागे सरकली. तेव्हा गेउआ पुढे आली आणि तिने रेडिओपासून सगळं सांगितलं. तिचं सांगून होईपर्यंत वागी रस्त्यावर बसला होता. हसून हसून त्याला उभं राहता येईना.

"घडीसुद्धा मोडली नाही म्हणे!" तो डोळे पुसत म्हणाला.

"नाहीच मोडली," गेउआ म्हणाली. "घडी घातलेलाच उसवायला घेतला मी."

काइआंचं सगळं अंग हलायला लागलं. आधी लोकांना वाटलं रडतायत, मग कळलं हसतायत. "अहो व्याही, एवढंच होतं तर बोलायचं नाही का? रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या!" त्यांनी बिलुम गावेराच्या गळ्यात घातली. "घेऊन जा. पण हिचा एक टाका जरी उसवलात, तर मात्र सून परत पाठवीन."

डुक्कर आलंच होतं, ते परत नेणं बरं दिसलं नसतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही गावं एकत्र जेवली. पानात वाढून झाल्यावर राहोने तीनदा विचारून घेतलं की हे तरी पुन्हा परत मागणार नाही ना कुणी.

आता प्रश्न उरला हेबोउचा. सोमवारी गावेरा कचेरीत गेला, टेबलावर बिलुम ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "स्वेटर आणलाय. थोडा बदललाय."

हेबोउने पिशवी हातात घेतली, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. सगळी हकिकत ऐकली. गावेरा तोंडघशी पडायच्या तयारीत उभा होता.

"बुबू," ती म्हणाली, "विलायतेहून आलेले स्वेटर जगात पुष्कळ असतील. इथला झालेला हा एकच."

शनिवारी दालन उघडलं. मधोमध काचेचं कपाट, आत बिलुम, खाली पाटी: 'गेउआ गावेरा, हनुआबाडा, हिने विणलेली.' स्वेटर कुणाचा ते त्याखाली बारीक अक्षरांत होतं आणि बारीक अक्षरं वाचायला कुणी थांबत नव्हतं. गावेरा इस्त्रीचा शर्ट घालून कपाटाशेजारी उभा राहिला. विलायतेच्या दौऱ्यावरचं भाषण त्याने पाठ केलं होतं. पाहुणे यायचे, त्याला जरा बाजूला व्हायला सांगायचे आणि गेउआबरोबर फोटो काढायचे. काइआ दुसऱ्या बाजूला पहाऱ्याला होत्या. काचेला बोट लावणारा मंत्री असला तरी त्या सोडत नव्हत्या.

खरी कमाल पुढच्या आठवड्यात झाली. सध्याच्या राष्ट्रीय संघातला एक जलद गोलंदाज होडीएवढे पाय टाकत फळ्यांवरून आला आणि दारात घुटमळला.

"आजी, हा माझा मागच्या दौऱ्याचा स्वेटर. आईसाठी याची बिलुम करून द्याल?"

गावेरा ताडकन उठला. "अरे, देशाने दिलेली वस्तू—"

"आण इकडे," गेउआ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी यष्टिरक्षक आला, मग दोघे सलामीवीर आले. पाहता पाहता अर्धा संघ गेउआच्या ओसरीवर बसायला लागला. तिने नियमच केला: लोकर ज्याची त्याने धरायची, आणि गुंडाळायचं काम म्हाताऱ्याचं.

आणि तिथे गावेराचं भाग्य उघडलं. समोर देशाचा खेळाडू, दोन्ही हात पुढे केलेले, हातांत लोकर अडकलेली. पळून जाणार कुठे? गावेरा निवांतपणे लोकरीचा गुंडा फिरवतो आणि विलायतेचा दौरा पहिल्या दिवसापासून सांगतो. तिथली थंडी, वाफाळता चहा, हिरवंगार मैदान, वागीने सोडलेला झेल, मोरेआने मारलेला षटकार, सगळं अगदी काल घडल्यासारखं. पोरं मन लावून ऐकतात. हसतात, पुढचं विचारतात. गेउआही सुई थांबवून ऐकते, हे गावेराला तिरप्या नजरेने दिसतं.

परवा त्या जलद गोलंदाजाने विचारलं, "बुबू, सगळ्यांचं सांगितलंत. त्या दौऱ्यात तुम्ही किती रन काढलेत?"

"हात सरळ धर," गावेरा म्हणाला. "लोकरीला गाठ बसेल."