टाच बदलत न्हाई

माझ्या नावापुढे आज बी.ए. लागते ते कोंडिबामामांमुळे. ते आमचे शेजारी, शेळ्या राखणारे धनगर. अक्षरओळख नाही, पण मुळशी खोऱ्यात येणारा प्रत्येक परका माणूस वेष पालटून आला आहे, अशी त्यांची ठाम समजूत.

परका दिसला की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. "सोंग तोंडाचं आसतं. टाच बदलत न्हाई." एकदा त्यांनी एका गोसाव्याची दाढीच ओढून पाहिली. दाढी खरी निघाली.

"मग?" मी विचारले.

"मग काय? लई हुशार गडी हाय. खरी वाढवलीया."

त्या गोसाव्याला त्यांनी दोन तांबे ताक पाजले आणि कानात सांगितले, "मी कुणाला बोलणार न्हाई."

हे वेड लावले मीच. शाळेच्या गुरुजींकडे एक मासिक येई. त्यात एका गुप्त पोलिसाची गोष्ट क्रमाने छापत. दरोडेखोरांच्या टोळीत तो दरोडेखोर होऊन राहिलेला. दुपारी मामा हाळी घालत. शेवटी दोनदा खाली उतरणारी ती हाळी त्यांच्या मुलाखेरीज कुणाला जमली नव्हती. शेळ्या उंबराखाली येऊन बसत, मी वाचू लागे, मामा घोंगडीवर डोळे मिटून ऐकत. खाली भातखाचरांवर ढग उतरलेले असत. दरोडे, पिस्तुले यांत मामांना रस नव्हता. ते एवढेच विचारीत, "घरी कवा जाणार त्यो?"

चौथीनंतर वडील मला शाळेतून काढणार होते. मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"गोष्ट अर्धी हाय, दादा. आत्ता पोराला काढू नगंस."

"गोष्टीसाठी शाळा व्हय?"

"मग कशासाठी आसती?"

वडील हसले आणि मी शाळेत राहिलो. मासिक वर्षातून कसेबसे तीनदा निघे. त्यामुळे गोष्ट संपेना आणि माझे शिक्षणही थांबेना. मी पुण्याला कॉलेजात गेलो आणि मासिकच बंद पडले.

पुढे धरण झाले. पाणी चढत आमच्या आळीपर्यंत आले. सगळे उठून गेले. मामा तेवढे हलेनात. सुटीत गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून पाण्यात उलटे पडलेले डोंगर बघत होते.

"मामा, चला की वर माळावर."

"भिवा आला तर कुटं यील?"

भिवा त्यांचा मुलगा. बापाशी भांडून मुंबईला गेला, त्याला नऊ वर्षे झाली होती. कागद नाही, निरोप नाही. एरवी मामा त्याचे नावही घेत नसत.

"कामावर आसंल त्यो," ते म्हणाले. "नाव सांगायची मुभा नसती त्यास्नी." आणि मग नेहमीचेच, "तुज्या गोष्टीतला गेला का रं घरी?"

इतकी वर्षे ते कोणाच्या टाचा शोधत होते, ते मला तेव्हा कळले. पुण्याला परतल्यावर मी पत्र पाठवले. माळावर गेलेल्या गुरुजींनी खाली येऊन ते त्यांना वाचून दाखवले.

"तीर्थस्वरूप कोंडिबामामा यांस शिरसाष्टांग नमस्कार. गोष्टीचा शेवट कुठे मिळाला नाही, म्हणून मीच लिहिला आहे. राग नसावा.

तो काम उरकून घरी आला. गाव पाण्याखाली होते. त्याची दाढी वाढली होती, बोलणे शहरी झाले होते. ओळखीचे काही दिसेना, तेव्हा काठावर उभे राहून त्याने लहानपणची हाळी घातली. वर माळावर आधी एका म्हाताऱ्या शेळीने मान उचलली. मग तिच्यामागून त्याचा बाप उठला.

बाप खाली ओट्यावरच बसून राहिला असता, तर पाण्याने त्यालाही गिळले असते आणि त्या दिवशी हाळी ऐकायला कुणीच नसते. म्हणून मामा, शेळ्या घेऊन वर जा. टाचेचे मला ठाऊक नाही. पण भिवाला हाळी तुम्ही शिकवली आहे. ती बदलायची नाही."